मानसिक आजार असलेल्या माणसाच्या आयुष्यात घरच्यांच्या वागण्याने खरंच फरक पडतो का?

हो, पडतो. तुम्ही लिहिलंय की भावाला स्किझोफ्रेनियाचं निदान झालंय, आई-वडील म्हणतात बाहेर कुठे बोलायचं नाही, आणि काकांचं म्हणणं की दोनाचे चार हात केले की येईल ताळ्यावर. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या घरात हीच वाक्यं बोलली जायची, म्हणून लिहायला बसले. माझा दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. २००० साली, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना, तो याच आजाराने आजारी पडला, भास व्हायला लागले, संशय यायला लागला. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, वडील, म्हणजे आमचे अण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. गावात सगळे ओळखीचे, आणि तीच आमची अडचण होती.

आधी तुमच्या आईंसाठी, कारण त्या नक्की स्वतःला बोल लावत असतील. आमच्या आईने डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या औषधाचं काही विचारलं नाही. ‘माझं काय चुकलं हो?’ एवढंच विचारलं. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांमध्येही असा समज होता की आईच्या वागण्यामुळे मुलाला स्किझोफ्रेनिया होतो. तो केव्हाच मोडीत निघालाय. आनुवंशिकता असते, मेंदूची जडणघडण असते, काहींच्या बाबतीत गांजासारखं व्यसन भर घालतं. वाढवण्यात कसूर झाली म्हणून हा आजार होत नाही. हे त्यांना दहादा सांगा, एकदा सांगून पटणार नाही.

पण आजार झाल्यावर पुढचे दिवस कसे जाणार, त्यात घराचा वाटा फार मोठा असतो. आमच्या हातून काय झालं ते सांगते.

दादा गोळ्या घ्यायचा नाही. ‘मला काही झालेलंच नाही’ असं म्हणायचा. ते नाटक नसतं, पुष्कळदा तो आजाराचाच भाग असतो, पण तेव्हा आम्हाला कुठे कळत होतं? आई पोळपाटावर लाटण्याने गोळी चुरायची आणि त्याच्या वरणात घालायची. दादा सोडून घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. एका रात्री त्याने भात कालवला, एक घास घेतला आणि थांबला. वाटीच्या तळाशी बोट फिरवलं. बोटाला लागलेली पांढरी भुकटी ट्यूबलाइटखाली धरून पाहिली. ओरडला नाही, ताट भिरकावलं नाही. आईकडे बघून म्हणाला, ‘म्हणजे मी खरंच सांगत होतो.’

गेले सात-आठ महिने तो हेच सांगत होता की माझ्या जेवणात कोणीतरी काहीतरी घालतंय. आम्ही म्हणायचो, भ्रम आहे तुझा. तो भ्रम आम्ही खरा करून दाखवला. त्यानंतर तीन आठवडे तो घरचं अन्न जेवला नाही. एसटी स्टँडवरून केळी आणि बिस्किटांचे पुडे आणायचा, तेही पुडा नीट बंद आहे ना हे उलटसुलट करून बघायचा. आई रोज त्याचं ताट वाढायची आणि रोज ते झाकून ठेवायची.

आमचे डॉक्टर म्हणाले, आधी माफी मागा, औषधाचं नंतर बघू. अण्णांना ते फार जड गेलं. मास्तर माणूस, मुलाची माफी कधी मागितलेली नाही. पण मागितली. ‘चुकलं आमचं. तुला न सांगता पुन्हा काही देणार नाही.’ मग डॉक्टरांनी दादालाच विचारलं, की रोजच्या गोळीऐवजी महिन्यातून एकदा इंजेक्शन चालेल का? तो हो म्हणाला. त्या हो म्हणण्यापासून त्याची तब्येत सुधारायला लागली असं मी आजही मानते. तुमच्या घरी कोणी चहात, दुधात, भाजीत गोळी घालत असेल तर आजच थांबवा आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. इंजेक्शनासारखे दुसरे मार्ग असतात.

आणखी एक चूक आंघोळीवरून व्हायची. भास आणि संशय हे आजारामुळे आहेत हे आम्ही मान्य केलं होतं. पण उशिरापर्यंत लोळत राहणं, चार-चार दिवस आंघोळ न करणं, कशातच जीव नसल्यासारखं बसून राहणं, हा आम्हाला आळस वाटायचा. तीही आजाराचीच लक्षणं असतात, आणि घरचे सर्वांत जास्त बोलतात ते त्यांवरूनच. नऊ वाजले की अण्णांचं ओट्यावरून सुरू व्हायचं, ‘बंबातलं पाणी निवलं. घोड्याएवढा झालास, आंघोळीलाही हाका माराव्या लागतात. बसून खायला बरं जमतं.’ दादा न्हाणीघराच्या दारात खांद्यावर टॉवेल टाकून उभा. आत जात नाही, मागेही फिरत नाही. अर्धा-अर्धा तास. मला वाटायचं, मुद्दाम करतोय. खूप वर्षांनी त्याने सांगितलं, की आधी पाणी काढायचं की आधी कपडे काढायचे हे त्याला तेव्हा जुळवताच यायचं नाही, आणि अण्णांचा आवाज आला की जुळत आलेलंही सुटायचं.

या बोलण्याचा परिणाम मोजून पाहिलेला आहे. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की रुग्णालयातून सुटून आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे गेलेली माणसं ही भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडतात. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी नातेवाइकांच्या मुलाखती घेऊन तीन गोष्टी तपासल्या, त्या म्हणजे टीका, तिरस्कार आणि गुदमरवणारी काळजी. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या गोष्टी जास्त असलेल्या घरांतले ५८ टक्के रुग्ण नऊ महिन्यांत पुन्हा आजारी पडले होते, बाकीच्या घरांतले १६ टक्के. त्यातली तिसरी गोष्ट आपल्याकडच्या आयांना विशेष लागू पडते. आमच्या आईने दोन वर्षं दादाला डोळ्यांआड होऊ दिलं नव्हतं. तो संडासला गेला तरी ती दाराबाहेर उभी असायची.

तुमच्या घरच्यांना हे सांगताना जोडीला अमृतसरचंही सांगा. तिथल्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्याच दशकात नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून रुग्णांसोबत राहायला लावलं. आजार काय आहे हे त्यांना शिकवलं, आणि माणसं बरी होऊन त्यांच्यासोबत घरी गेली. घर उपचाराचा भाग होऊ शकतं हे आपल्याकडे इतक्या आधी करून दाखवलंय.

आमच्याकडे बदल झाला तो असा. ‘आंघोळीला चल’ हे एकदाच म्हणायचं, तेही जवळ जाऊन. आईने बादली, तांब्या, साबण, कपडे त्याच क्रमाने मांडून ठेवायचे. आणि दिवसातले काही तास त्याने आणि आम्ही एकमेकांपासून लांब राहायचं. हे आम्ही पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटात शिकलो. कॅनडात प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी ती संस्था सुरू केली. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. तिथे रुग्ण म्हणत नाहीत, शुभार्थी म्हणतात, आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. पहिल्या दिवशी अण्णा त्या शब्दांवर थोडे हसले होते. परतीच्या एसटीत मात्र त्यांनी दादाला खिडकीची जागा दिली आणि वाटेत गावं कुठली लागतात ते विचारत राहिले. कितीतरी महिन्यांनी त्यांनी त्याच्याशी आजार सोडून दुसरं काही बोललेलं मी ऐकलं.

आता ‘बाहेर बोलायचं नाही’ याबद्दल. रविवारी दादाचे मित्र क्रिकेटला बोलवायला यायचे. आम्ही दारातूनच सांगायचो, झोपलाय. सहा महिन्यांत ते यायचे बंद झाले. मित्र आजाराने तुटले असं आम्ही मानत आलो. खरं तर आम्ही तोडले. लग्नाकार्यात त्याला घरी ठेवायचं, आणि वर ‘त्याला गर्दी सोसत नाही’ म्हणायचं. २००१ मध्ये मामा म्हणाला, एका ठिकाणी बाहेरची बाधा उतरवतात, तिथे महिनाभर ठेवू. त्याच ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला आग लागली. दर्ग्याजवळच्या आश्रमात साखळ्यांनी बांधून ठेवलेले २८ जण होरपळून मेले. घरच्यांनीच आणून सोडलेली माणसं होती ती. आईने ती बातमी दोनदा वाचली आणि मामाला म्हणाली, ‘पुन्हा हा विषय माझ्या घरात काढू नकोस.’

माझ्या लग्नाच्या वेळी दादा पुण्याला नोकरीला आहे असं सांगायचं ठरलं होतं. पाहुणे आले की त्याला मावशीकडे धाडायचे. मी खरं सांगितल्यावर दोन स्थळं परत गेली, ते दुखलं. तिसऱ्या वेळी मुलाने विचारलं, ‘मग ते आहेत कुठे? भेटू की.’ आम्ही दोघं चालत मावशीकडे गेलो.

आणि गावानेही सगळं वाईटच केलं असं नाही. बाजारपेठेतल्या वाणसामानाच्या दुकानदार काकांनी दादाला दुपारचे दोन तास जिऱ्या-मोहरीच्या पुड्या बांधायला बसवलं. एका गिऱ्हाइकाने तोंड वाकडं केलं, ‘याला कशाला बसवलंत इथे?’ काका म्हणाले, ‘माप बघा. दाणा कमी निघाला तर सांगा.’ दादाच्या पुड्या इतक्या एकसारख्या असायच्या, की काका त्या पुढच्या फळीवर रचायचे. आता कागदी पुड्या गेल्या, पिशव्या मशीनवर सील करतो. दुकान काकांचा मुलगा चालवतो, दोनाचे चार तास झालेत. दादाला अजूनही आवाज ऐकू येतात. तो म्हणतो, काम हातात असलं की ते मागच्या खोलीत बोलल्यासारखे वाटतात.

लग्नाबद्दल स्पष्ट सांगते, कारण काका ऐकणार नाहीत. लग्न हा या आजारावरचा उपाय नाही. आमच्या आळीतल्या एका मुलीचं लग्न आजार लपवून लावलं. सासरी कळेल या धास्तीने तिने गोळ्या बंद केल्या, आजार उसळला, आणि दोन वर्षांत एका बॅगेसह तिला माहेरी आणून सोडलं. पुरुष आजारी असला तर बायकोने सांभाळायचं, बाई आजारी असली तर तिला परत पाठवायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि मला त्याची चीड येते. लपवून लावलेलं लग्न फसवणूक म्हणून कोर्टात रद्दही होऊ शकतं. तब्येत स्थिर असेल, स्वतः भावाला लग्न हवं असेल आणि समोरच्या मुलीला औषधांसकट सगळं माहीत असेल, तरच विचार करा. अशी सुखाने चाललेली लग्नं मी गटात पाहिली आहेत.

कागदपत्रांचं थोडक्यात. मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर सरकारी योजनांचा लाभ मिळतो. अण्णा ‘शिक्का बसेल’ म्हणून सहा वर्षं अडून बसले होते. वडील सरकारी पेन्शनवर असतील तर त्यांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतनासाठी भावाचं नाव लागू शकतं का, ते त्यांच्या हयातीतच विचारून घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधायला बंदी आहे, आणि पुढे तब्येत बिघडली तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे माणसाला बरा असताना लिहून ठेवता येतं. दादाने लिहून ठेवलंय. पहिलंच वाक्य आहे, ‘मला न सांगता काहीही देऊ नये.’

रात्री-अपरात्री काही वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत, चोवीस तास. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडीही असते.

भाऊ आत्ता औषध घेतोय का, आणि त्याचं स्वतःचं म्हणणं काय आहे, हे तुमच्या प्रश्नात कुठे आलं नाही. त्याला विचारून खाली लिहा. दादाला तुमचा प्रश्न वाचून दाखवला, त्यालाही तेच विचारायचं होतं.