सिडनी बंदरातील अर्धा दिवस: बॅडेक आणि सेंट ॲन्सची सहल घ्यावी का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: सप्टेंबरअखेरीस आपण दोघे न्यूयॉर्कहून निघणाऱ्या क्रूझने जात आहात, जहाज नोव्हा स्कोशियातील सिडनी बंदरात आठ तास थांबणार आहे, आणि तेथे केप ब्रेटन बेटावरील बॅडेक, सेंट ॲन्स अशा स्कॉटिश वळणाच्या गावांमधून नेणारी साडेचार तासांची गाइडसह सहल उपलब्ध आहे. ती घ्यावी, की बंदराच्या आसपासच फिरावे, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती झेपेल का, असे आपण विचारले आहे. तीन वर्षांपूर्वी मी आई-बाबांना घेऊन हीच सहल केली होती, म्हणून अनुभवावरून लिहीत आहे. सहल अवश्य घ्यावी. मात्र नाव सारखे असले तरी या सहलींमध्ये बराच फरक असतो, आणि कोणती निवडता यावर तो अर्धा दिवस कसा जाईल हे ठरते.

आधी एक खुलासा, कारण माझ्या मावशीनेही हाच घोळ घातला होता: हे सिडनी ऑस्ट्रेलियातले नव्हे. चुकीचे तिकीट काढून या लहानशा शहरात येऊन उतरलेल्या प्रवाशांच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. एकेकाळी हे कोळशाचे आणि पोलादाचे गाव होते. २००१ साली येथील पोलाद कारखाना बंद झाला आणि त्याच वर्षी शेवटची मोठी कोळसा खाणही मिटली. आता धक्क्यावर उतरताच सुमारे साठ फूट उंचीचे एक व्हायोलिन उभे दिसते. स्थानिक लोक त्याला फिडल म्हणतात. त्यापुढे फोटो काढण्यासाठी रांग असते, पण जहाज निघण्यापूर्वीही तो काढता येतो, त्यासाठी बस चुकवू नये.

‘स्कॉटिश प्रभाव’ हे शब्द जाहिरातीत वाचले की डोळ्यांसमोर चौकड्यांचे घागरे आणि बॅगपाइप येतात. तेही दिसतात, परंतु त्यामागची हकीकत ठाऊक असेल तर सहलीचा अर्थच बदलतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि पश्चिमेच्या बेटांवर जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळांना जमिनीवरून उठवले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांतील हजारो लोक केप ब्रेटनला आले. ते गेलिक बोलत, इंग्रजी अनेकांना येतच नव्हती. एकेका बेटावरचे, एकेका खोऱ्यातले लोक इथेही शेजारी-शेजारी वसले: बाऱ्रा बेटावरचे कॅथलिक आयोनाच्या परिसरात, तर उत्तरेकडील ॲसिंटहून निघालेल्या धर्मोपदेशक नॉर्मन मॅक्लाउड यांचे प्रेस्बिटेरियन अनुयायी सेंट ॲन्सला. जे आधी आले त्यांना तळ्याकाठची बरी जमीन मिळाली, उशिरा आलेल्यांच्या वाट्याला मागच्या डोंगरउतारावरची खडकाळ जमीन आली. बसच्या खिडकीतून जे सुंदर जंगल दिसते, त्यातले पुष्कळसे अशाच सोडून दिलेल्या शेतांवर पुन्हा उगवलेले आहे. गाइडने हे सांगितले नाही, तर आपण होऊन विचारावे.

बस सिडनीहून पश्चिमेला निघते, बुलार्डरी नावाचे बेट ओलांडते आणि १९६१ साली बांधलेल्या सील आयलंड पुलावरून केली माउंटनच्या पायथ्याशी येते. जाताना उजवीकडे-डावीकडे दिसणारे पाणी ब्रा दॉर तळ्याचे. याला तळे म्हणतात खरे, पण ते अरुंद वाटांनी अटलांटिकशी जोडलेले आहे, त्यामुळे पाणी निमखारे आहे. युनेस्कोने २०११ साली या परिसराला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. डोंगरावरच्या वळणावर बस थांबली तर खाली उतरावे. सप्टेंबरअखेरीस मेपलची पाने रंग धरू लागतात, आणि खालचा पूल व निळे पाणी वरून एकत्र दिसते.

सेंट ॲन्सला गेलिक कॉलेज आहे. १९३८ साली स्थापन झालेल्या या संस्थेत भाषा, फिडल, पाइप, नृत्य आणि विणकाम शिकवले जाते. प्रवाशांसाठी साधारण पाऊण तासाचा कार्यक्रम असतो, आणि माझ्या मते संपूर्ण सहलीचा गाभा तोच आहे. विणून आलेले लोकरीचे कापड ओले करून लांब मेजावर ठेवतात, सगळे भोवती बसतात, कापड दोन्ही हातांनी मेजावर आपटतात आणि तालात शेजाऱ्याकडे सरकवतात. एकजण गाण्याची ओळ म्हणतो, बाकीचे पालुपद धरतात. याला मिलिंग म्हणतात. ओल्या लोकरीला असे कुटले की ती आटते, घट्ट होते, वारा अडवू लागते. स्कॉटलंडमध्ये हे काम फक्त बायका करत. केप ब्रेटनमध्ये पुरुषही मेजाशी बसू लागले आणि कामाचा गावसोहळा झाला. कापड यंत्रावर तयार होऊ लागल्यावर कामाची गरज संपली, पण गाणी राहावीत म्हणून मेज राहिले.

माझी आई, जिने लहानपणी आजीच्या मांडीला टेकून जात्यावरच्या ओव्या ऐकल्या आहेत, ती त्या मेजाशी बसली तेव्हा तिला काहीही समजावून सांगावे लागले नाही. एका कडव्यानंतर ती पालुपद गुणगुणू लागली, शब्द न कळताही. कामाचा ठेका गाण्याला मिळतो आणि गाणे कामाचा शीण घेते, हे तिला माहीतच होते. नंतर ती गाइडला विचारत होती की, आमच्याकडे घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, तुम्ही काय देता? पूर्वी साठवलेले मूत्र वापरत असत, असे उत्तर आल्यावर तिने पुढचा प्रश्न विचारला नाही. मेजाशी बसण्यासाठी प्रवाशांना बोलावतात. संकोच न करता बसावे, कारण मागच्या रांगेतून पाहिले तर तो नुसता करमणुकीचा कार्यक्रम वाटतो.

ही भाषा येथवर कशी आली, हेही सांगण्यासारखे आहे. याच बेटावर जन्मलेले सिनेटर थॉमस मॅकिनिस यांनी १८९० साली गेलिकला कॅनडाची तिसरी राजभाषा करण्याचे विधेयक मांडले होते, ते फेटाळले गेले. पुढे शाळेत गेलिक बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होई, आणि आईबापही मुलांच्या भल्यासाठी घरात इंग्रजी बोलू लागले. १९७१ मध्ये दूरचित्रवाणीवरील एका माहितीपटाने केप ब्रेटनचा फिडलवादक नामशेष होत असल्याचे सांगितले, तेव्हा लोक चिडले. १९७३ मध्ये ग्लेंडेल गावी शंभरावर वादक एकाच मंचावर चढले. संगीत त्यानंतर सावरले, भाषा मात्र अजून नाजूक अवस्थेत आहे. २००६ साली प्रांतिक सरकारने गेलिकसाठी स्वतंत्र कार्यालय काढले, आणि रस्त्यावरच्या काही पाट्यांवर गावाचे गेलिक नावही दिसते. बसमधून त्या पाट्या शोधण्याचा खेळ बाबांनी जाता-येता केला.

बॅडेक हे तळ्याकाठचे जेमतेम आठशे-हजार वस्तीचे गाव. येथील संग्रहालय टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे आहे. बेल यांचा जन्म १८४७ साली एडिंबरा येथे झाला. १८८५ मध्ये ते प्रथम येथे आले आणि गावासमोरच्या टेकडीवर त्यांनी घर बांधले. त्याचे नाव त्यांनी गेलिकमध्ये ‘बेन व्रिया’, म्हणजे सुंदर डोंगर, असे ठेवले, यद्यपि ते स्वतः गेलिकभाषक नव्हते. ते घर आजही वंशजांच्या ताब्यात आहे आणि लांबूनच पाहावे लागते. संग्रहालयात टेलिफोनपेक्षा पतंग आणि नौका अधिक आहेत, आणि तेच योग्य आहे, कारण येथे आले तेव्हा टेलिफोन त्यांच्या मागे पडला होता. त्रिकोणी चौकटींचे प्रचंड पतंग बनवून माणसाला हवेत नेता येईल का, याचा ते शोध घेत होते. १९०७ साली विमानप्रयोगासाठी पाच जणांचे मंडळ स्थापन झाले. कल्पना आणि पैसा दोन्ही त्यांच्या पत्नी मेबल यांचे. २३ फेब्रुवारी १९०९ रोजी याच मंडळाचे ‘सिल्व्हर डार्ट’ विमान बॅडेकच्या गोठलेल्या खाडीवरून उडाले. चालक होते बॅडेकचेच जे. ए. डी. मॅक्कर्डी, आणि कॅनडातील ते पहिले यांत्रिक विमानोड्डाण मानले जाते. १९१९ साली पाण्याच्या पृष्ठभागावर पंखांनी उचलल्या जाणाऱ्या एचडी-४ या नौकेने ताशी सुमारे ११४ किलोमीटरचा वेग गाठला. तिचा मूळ सांगाडा येथे ठेवलेला आहे, आणि इंजिनिअर असलेले माझे बाबा तेथून हलायला तयार नव्हते.

मेबल पाच वर्षांच्या असताना आजारामुळे बहिऱ्या झाल्या होत्या, आणि बेल आयुष्यभर बधिरांचे शिक्षक राहिले. परंतु खुणांच्या भाषेला विरोध करून ओठ वाचण्याचाच आग्रह त्यांनी धरला, याबद्दल बधिर समाजात आजही त्यांच्यावर कठोर टीका होते. एक भाषा वाचवू पाहणाऱ्या कॉलेजातून निघून दुसऱ्या एका भाषेला नाकारणाऱ्या माणसाच्या संग्रहालयात आपण शिरतो, ही विसंगती मला त्या दिवशी जाणवली नव्हती, परतल्यावर जाणवली.

आता निवडीविषयी. आमच्या सहलीत कॉलेज आणि संग्रहालय यांच्याशिवाय भेटवस्तूंच्या दुकानासाठी चाळीस मिनिटे दिली होती आणि संग्रहालयाला पस्तीस. हा हिशेब आम्हाला तेथे गेल्यावर कळला. म्हणून आरक्षणापूर्वी थांब्यांची वेळ लेखी मागावी. दोनपेक्षा अधिक मोठे थांबे असलेली सहल टाळावी, कारण सिडनी ते बॅडेक हे अंतर साधारण ७५ ते ८० किलोमीटर आहे आणि जाण्या-येण्यातच दोन तास जातात. ‘कॅबट ट्रेल’ हे नाव पाहूनही भुलू नये. तो सुमारे ३०० किलोमीटरचा वळसा घेणारा रस्ता आहे आणि अर्ध्या दिवसात त्याचे केवळ टोक दिसते. लुइसबर्गचा किल्ला प्रेक्षणीय आहे, पण ती फ्रेंचांची गोष्ट आहे.

आयोनाच्या हायलँड व्हिलेजकडे नेणारी सहल मिळत असेल, तर मी तिला बॅडेकपेक्षाही वरचे स्थान देईन, विशेषतः आपल्याला विमानांत रस नसेल तर. बाऱ्रा सामुद्रधुनीवरच्या टेकडीवर हे मोकळ्या आकाशाखालचे संग्रहालय आहे. स्कॉटिश बेटांवरच्या दगडी, गवताने शाकारलेल्या झोपडीपासून विसाव्या शतकातील घरापर्यंत एकेका घरात त्या काळच्या वेषातील माणूस चुलीपाशी बसून गेलिकमध्ये स्वागत करतो. तेथील चर्च २००३ मध्ये तळ्यातून तराफ्यावर आणले आहे. मात्र गुडघ्यांचा विचार करता टेकडीचा चढ आहे, म्हणून गाडीची सोय आहे का हे आधी विचारावे. बॅडेक आणि सेंट ॲन्सला त्या मानाने चालणे कमी आहे.

या लोकांशी बोलताना आपल्याला फारसे परके वाटणार नाही. गावात मॅकडोनाल्ड आणि मॅक्नील इतके, की माणूस ओळखायचा तर वडील-आजोबांची नावे जोडावीच लागतात. ‘तुझे वडील कोण?’ हा इथला पहिला प्रश्न, आपल्याकडच्या ‘कुणाचा रे तू?’ सारखाच. माझे पूर्ण नाव सांगितल्यावर, मधले नाव वडिलांचे आहे हे कळताच गाइडने मान डोलावली. आपल्या गाइडला एवढेच विचारून पाहा की, स्कॉटिश येण्याआधी येथे कोण होते. मिगमॉ लोक या बेटाला उनामागी म्हणतात, त्यांच्या पाच वस्त्या आजही येथे आहेत, आणि बॅडेक हे नावही त्यांच्याच भाषेतून आले आहे. जमिनीवरून हुसकावलेले लोक दुसऱ्यांच्या जमिनीवर वसले, ही बाजू सहलीत सहसा एका वाक्यात उरकली जाते.

राहिल्या काही व्यावहारिक बाबी. भारतीय पासपोर्टवर प्रवास करत असाल तर कॅनडाचा व्हिसा लागेल, अमेरिकेच्या व्हिसावर भागणार नाही. नोव्हा स्कोशियाचे घड्याळ न्यूयॉर्कच्या एक तास पुढे असते, तेव्हा सहलीच्या कागदावरची वेळ जहाजाची आहे की गावाची, हे आदल्या रात्री विचारून घ्यावे. वाऱ्यामुळे थंडी जाणवते, म्हणून स्वेटरवर पावसाचे जाकीट हवे. चहाबरोबर ओटकेक देतात. शाकाहारी असाल तर त्यात प्राण्यांची चरबी आहे का ते विचारावे, काही जुन्या पाककृतींत ती असते. बसमध्ये जाताना डाव्या बाजूला बसलात तर येतानाही डावीकडेच बसा, म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजू दिसतील.