बालगृहांसाठी सल्लागार मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम स्वीकारताना

एम. डी. होऊन दोन वर्षे झाली असून धुळे-नंदुरबारकडील बालगृहे व आश्रमशाळांसाठी महिन्यातून चार दिवस सल्लागार म्हणून यावे का, असे आपण विचारले आहे. जरूर यावे, मात्र औषध लिहिणे हा या कामाचा सर्वांत लहान भाग आहे, हे धरून यावे.

मूल येते ते अधीक्षकांच्या चिठ्ठीसह : हट्टी आहे, बोलत नाही, रात्री अंथरूण ओले करते, झोपेची गोळी द्यावी. धडगावकडची अशी एक मुलगी माझ्याकडे आणली, तेव्हा तोवर सगळे तिच्याशी मराठीतच बोलले होते. सोबत आलेल्या स्वयंपाकीणबाईंनी पावरीत, म्हणजे तिच्या घरच्या बोलीत, विचारताच ती बोलू लागली. आईवडील ऊसतोडीला गुजरातेत गेलेले, होळीशिवाय परतणार नव्हते, आणि वसतिगृहातून शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा नव्हता. मी गोळीऐवजी दिव्यासाठी पत्र लिहिले. (अर्थात मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह आणि अत्याचार या शक्यता आधी तपासाव्याच लागतात.) मात्र संस्थेतलाच माणूस दुभाषा असला, तर मूल संस्थेतल्या कुणाविरुद्ध तोंड उघडत नाही, हे मला फार उशिरा कळले.

‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन मुलाला कधीही देऊ नये. लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यास २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे; म्हणून काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही, हे पहिल्याच भेटीत त्याच्या भाषेत सांगावे, नाहीतर त्याचा विश्वास दुसऱ्यांदा मोडतो.

दाखल करण्याची वेळ आली की खरी ओढाताण सुरू होते. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अल्पवयीन रुग्णाची दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते, त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते, ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावे लागते आणि पालक किंवा नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती) यांनी किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाने पूर्ण काळ सोबत राहावे लागते. हा सोबत राहणारा माणूस परराज्यातल्या उसाच्या फडातून कसा आणायचा, याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नाही; अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीशी आधीपासून बोलणे असेल, तरच ते वेळेत सापडते.

मानधनावर फार घासाघीस करू नये, पण मुलाशी एकट्याने बोलण्यासाठी दार लागणारी खोली मिळेल आणि त्याच्या नोंदी मुख्याध्यापकांच्या कपाटात जाणार नाहीत, या दोन अटी नियुक्तिपत्रातच लिहून घ्याव्यात.