नोकरी सोडून ऑनलाइन कन्सल्टेशन? आधी फीचं गणित बघा

डॉक्टर मॅडम, तुमचं थोडक्यात असं की बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) झालंय, साताऱ्यात हॉस्पिटलात 38 हजारांची नोकरी, घराचा हप्ता 19 हजार, बँकेत 4 लाख, आणि आता राजीनामा देऊन त्यातले दीड लाख अ‍ॅप आणि 'ऑनलाइन प्रॅक्टिस' शिकवणाऱ्या कोर्समध्ये घालायचेत. ऑनलाइन खुशाल सुरू करा, पण राजीनामा आत्ता नको आणि कोर्स तर अजिबात नको.

तुम्ही फी 400 धरलीय, म्हणजे नुसता पगार भरून काढायला महिन्याला 95 पेशंट हवेत, तेही पैसे भरणारे, 'ताई जरा विचारायचं होतं' वाले नव्हेत (ते व्हॉट्सअ‍ॅपवर ढीगभर येतील), आणि यात जाहिरातीचा खर्च धरलेलाच नाही. शिवाय वैद्याचा दवाखाना निव्वळ तपासणी फीवर कुठं चालतो हो? बस्ती (औषधी एनिमा), शिरोधारा (कपाळावर तेलाची धार) असे पंचकर्माचे उपचार, काउंटरवरची चूर्णं-काढे, खरा पैसा तिथं. व्हिडिओ कॉलवर बस्ती देता येत नाही आणि नाडीही बघता येत नाही, त्यामुळे ऑनलाइन खरं चालतं ते फॉलोअपला.

औषधं कुरिअर करू म्हणताय, तर कन्सल्टेशनला जीएसटी माफ आहे पण औषधविक्रीला नाही, आणि परराज्यात माल विकायला लागलात की वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी नको ही मर्यादा विसरा, जीएसटी नोंदणी लागतेच. सुरुवातीला प्रिस्क्रिप्शन द्या, पेशंट जवळच्या दुकानातून घेईल. एप्रिल 2020 च्या आयुष टेलिमेडिसिन गाइडलाइन्सप्रमाणे त्यावर रजिस्ट्रेशन नंबर टाका, रेकॉर्ड ठेवा. आणि कोर्सवाले 'डायबेटिस मुळापासून बरा' छाप रील करायला सांगतील, ते केलंत तर 1954 चा मॅजिक रेमेडीज कायदा (अशा आजारांवर औषधाची जाहिरात करायला बंदी घालणारा) लागतो.

मी काय करीन, तर नोकरी सांभाळून सहा महिने रात्री 8 ते 10 ऑनलाइन, वेगळं बँक खातं, यूपीआय, प्रोफेशनल इन्डेम्निटी विमा (उपचारात चूक झाल्याचा दावा आला तर उपयोगी पडणारा), एकूण खर्च 25 हजारांच्या आत. सगळा खर्च जाऊन सलग तीन महिने 20 हजार उरले आणि सहा महिन्यांचा हप्ता-घरखर्च बाजूला असला, की मग राजीनामा, तोही पंचकर्माची छोटी खोली भाड्यानं घेऊनच.

त्याआधी अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा, बाहेर प्रॅक्टिस करायला आणि हॉस्पिटलचे पेशंट घ्यायला मनाई आहे का ते बघा, कारण तुमचे पहिले फॉलोअप नेमके त्यातलेच असणार.