प्रेशर 16 असलं तरी अरुंद अँगल दुर्लक्षू नका

आईंचं वय 58, चष्मा प्लस 4 चा, डोळ्यातलं प्रेशर 16, म्हणजे नॉर्मल. मग डॉक्टर ‘अँगल नॅरो आहे, लेझर करू’ का म्हणतात, हा तुमचा प्रश्न. अँगल म्हणजे डोळ्याची पुढची काच आणि रंगीत पडदा जिथे मिळतात तो कोपरा; आतलं पाणी तिथून बाहेर जातं. प्रेशर 16 याचा अर्थ तपासणीच्या वेळी डोळ्यातल्या पाण्याचा निचरा होत होता, एवढाच.

मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण 23-24 मिलिमीटर असतो. मोठ्या प्लस नंबरचा डोळा बहुतेकदा त्याहून आखूड, त्यामुळे पुढची जागा आधीच कमी. त्यात डोळ्यातलं भिंग वयाबरोबर जाड होत जातं आणि बुबुळाच्या रंगीत पडद्याला पुढे ढकलतं. पडद्यामागे तयार होणारं पाणी बाहुलीतून पुढे येऊन कडेच्या, म्हणजे अँगलमधल्या, जाळीतून निघून जातं. बाहुलीपाशी ते अडलं की पडदा फुगतो, जाळीवर बसतो आणि प्रेशर काही तासांत 50 च्या वर जाऊ शकतं. अंधारात, किंवा सर्दीच्या काही गोळ्यांनी, बाहुली मोठी होते तेव्हा ही भीती जास्त.

लेझरने पडद्याला बारीक छिद्र पाडतात, म्हणजे पाण्याला दुसरी वाट मिळते. माझ्या दोन्ही डोळ्यांना ते झालंय. काही मिनिटांचं काम. पण अरुंद अँगलच्या प्रत्येकाला ते लागतंच असं नाही. चीनमध्ये ग्वांगझूला अरुंद अँगलच्या 889 जणांच्या एकाच डोळ्याला लेझर करून दुसरा तसाच ठेवला होता. सहा वर्षांत अँगल बंद होण्याचा त्रास लेझरच्या 19 आणि बिनलेझरच्या 36 डोळ्यांत दिसला. म्हणजे फायदा खरा, पण मुळात धोकाच थोड्यांना. म्हणून आधी गोनिओस्कोपी, म्हणजे अँगलची तपासणी, झाली का ते विचारा. अँगल समोरून दिसतच नाही. डोळा बधिर करून, खोली अंधारी करून, आरशाची लेन्स टेकवून तो बघावा लागतो. जाळीला पडदा चिकटल्याच्या खुणा आहेत का, डोळ्यामागची नस कशी आहे, हे कळल्यावर ठरवा. नियमित तपासणीला येणं जमणार नसेल, तर मी लेझरच्या बाजूने.

कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेची, जाडीही मोजून घ्या. तो पातळ असेल तर प्रेशर खऱ्यापेक्षा कमी दिसतं.

मावशी-मामांनाही तपासायला सांगा, घरात हा त्रास पुढे येतो. आणि आईंचा डोळा अचानक लाल होऊन ठणकला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलट्या झाल्या, तर पित्त समजून घरी थांबू नका. रात्र असली तरी त्याच वेळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.