आधी निकालपत्र, मग राजीनामा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांना राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवरचा आपल्याच न्यायालयाचा निकाल पटला नाही, तेव्हाच त्यांनी खुर्ची सोडायला हवी होती, असं तू लिहिलंस. शिरपूरला नुकत्याच रुजू झालेल्या न्यायाधीशाला ही तळमळ वाटावी, याचं मला फार समाधान आहे. पण मला तुझं म्हणणं पटत नाही.

२००० सालच्या त्या निवडणुकीत फ्लोरिडा राज्यात धाकटे जॉर्ज बुश आणि अल गोर यांच्यातला फरक होता अवघा ५३७ मतांचा. १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेरमोजणी थांबवली. सूटर त्या चारांत होते. १९९० मध्ये ज्या थोरल्या बुशनी त्यांना नेमलं, त्यांचाच मुलगा या निकालाने राष्ट्राध्यक्ष झाला, तरी त्यांनी विरोधात लिहिलं. राजीनाम्याचा विचार त्यांच्या मनात आल्याचं पुढे छापून आलं. ते २००९ पर्यंत राहिले.

त्यांनी लिहिलं काय, ते नीट वाच. मोजणीचे निकष ठिकठिकाणी वेगळे आहेत, हा आक्षेप त्यांनी मान्य केला. मग म्हणाले, प्रकरण परत पाठवा, एकसारखे निकष ठरवू द्या, १८ डिसेंबरपर्यंत वेळ आहे. नुसता विरोध करून ते थांबले नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. २८ एप्रिल १९७६ रोजी आणीबाणीतल्या स्थानबद्धांच्या बाजूने पाच न्यायमूर्तींत ते एकटे उभे राहिले; निकाल स्थानबद्धांच्या विरोधात गेला. राजीनामा दिला तो जानेवारी १९७७ मध्ये, त्यांना डावलून कनिष्ठाला सरन्यायाधीश केलं तेव्हा. तोवर त्यांचं मत कागदावर आलेलं होतं, म्हणून तर २०१७ मध्ये तो जुना निकाल मोडीत काढताना न्यायालयाला ते हाताशी घेता आलं.

तुझ्या कोर्टात वेगळं मत द्यायला दुसरा न्यायाधीशच नाही. पण ग्रामपंचायतीचा निकाल लागला की १५ दिवसांत वादाचा अर्ज दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, म्हणजे तुझ्याकडेच येणार. गावात गुलाल उधळून झालेला, दोन्ही पॅनलची माणसं आवारात वेगवेगळ्या झाडांखाली, आणि पिंजऱ्यात उभी राहून एखादी म्हातारी विचारते, "साहेब, मनं मत कोठे गयं?" तिला उत्तर तुझ्या निकालपत्रात सापडायला हवं. मुद्दे काढ, प्रत्येकावर पुरावा तपास. फेरमोजणी नाकारलीस तर का नाकारलीस, तेही सविस्तर लिही. कुणी निरोप घेऊन आलाच, तर त्याला चेंबरच्या दारातूनच परत पाठव.

दिवाळीच्या सुटीत जळगावला येशील तेव्हा जाहीर झालेली दोन-चार निकालपत्रं आण. बसून वाचू.