लेकीला तिसऱ्यांदा नीटला बसवावं का?

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. मुलीनं दोनदा नीट दिली, सरकारी एमबीबीएसपुरते गुण आले नाहीत, केमिस्ट्रीनं घात केला. आता ती नाशिकला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. म्हणते बॉटनीच करायची, झाडांना ताण पडला की आत काय निरोप फिरतात त्यावर संशोधन करायचं. आम्ही तिला लातूरला ठेवून तिसरा प्रयत्न द्यायचं ठरवलंय. पानाफुलांची नावं पाठ करून पोट भरतं का? कोणता क्लास चांगला?

उत्तर : क्लासचं नाव मी सांगणार नाही. तिला काय हवंय ते तुम्ही एका वाक्यात लिहिलंत आणि पुढच्याच वाक्यात ‘ठरवलंय’ म्हणून मोकळे झालात. डॉक्टर व्हायची हौस मुळात तिची होती का, हे पत्रात शोधूनही सापडलं नाही. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही, म्हणजे कुठं थांबायचं ते घरानंच ठरवायचं. दोन वर्षं टेस्ट सिरीज दिलेली मुलगी ‘आता नको, मला हे करायचंय’ म्हणते, तो आळस नव्हे. नुसतं ‘नको’ म्हणून ती थांबलेली नाही, काय हवं तेही सांगतेय. असं सांगणारी मुलं माझ्याकडे फार येत नाहीत. तिला लातूरला पाठवू नका.

आता पानाफुलांची नावं. हे द्राक्षवाल्यानं लिहावं याचं नवल वाटलं. ऑक्टोबर छाटणीनंतर घड पोपटी असताना तुम्ही जीए फवारता, पुढं मणी फुगायला घड बुडवता. हे जिबरेलिक आम्ल वेल स्वतःही बनवते, पेशींना ‘वाढा’ असा निरोप द्यायला. भाताची रोपं एका बुरशीमुळे भराभर उंच होऊन कोलमडतात. ते बुरशीनं सोडलेल्या द्रव्यामुळे होतं, हे एइची कुरोसावा या जपानी संशोधकानं १९२६ साली दाखवलं. त्यातूनच पुढं जिबरेलिन हाती लागलं. एप्रिल छाटणीनंतर लिहोसिन मारता तेव्हा तुम्ही नेमकं उलटं करता : वेलीचं स्वतःचं जिबरेलिन बनणं रोखता, शेंडा थांबावा आणि काडीवरच्या डोळ्यांत घडनिर्मिती व्हावी म्हणून. एकाच रेणूला वर्षातून एकदा बोलवायचं, एकदा हाकलायचं! त्याच लिहोसिनचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईडचे, अवशेष २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि माल अडकला. फवारलेलं द्रव्य वेलीत कुठं जातं, किती टिकतं, हे दुकानदार सांगू शकत नाही. तुमची लेक ज्या विषयाच्या मागे आहे त्यातला माणूस सांगतो. पाणी कमी पडलं की वेलीत ॲबसिसिक आम्ल वाढतं, पानांची रंध्रं मिटतात. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत शिरत नाही आणि वाढ खुंटते. पिकांवरच्या अशा ताणांसाठी बारामतीजवळ माळेगावला केंद्राची स्वतंत्र संस्था आहे. पुण्याजवळच्या मांजरी गावचं द्राक्ष संशोधन केंद्र तुम्हाला मी सांगायला नको.

पोटाचं म्हणाल तर नुसत्या बीएस्सीवर नोकरी कठीण. एमएस्सी आणि पीएचडी धरली तर बरीच वर्षं जातात, कायम जागा थोड्या. जॅम, गेट, सीएसआयआर नेट या पुढच्या शिक्षण-संशोधनासाठीच्या परीक्षांची माहिती कॉलेजात मिळेल.

आता हे पत्र तिच्या हातात द्या.

बाळ, तू निघालीस तो विषय निम्मा केमिस्ट्रीच आहे. केमिस्ट्रीपासून पळायला बॉटनी धरली असशील तर आत्ताच सांग, दुसरं काही बघू. तसं नसेल तर पुढच्या वर्षीही केमिस्ट्री सोडू नकोस आणि स्टॅटिस्टिक्स शीक. एप्रिल छाटणीनंतर बाबांकडून वेलींची एक ओळ मागून घे. तिला लिहोसिन मारू देऊ नकोस. दर आठवड्याला त्याच काड्यांच्या शेंड्यांची लांबी मोज, शेजारच्या ओळीचीही मोज, तारखेसह वहीत लिही. तिसऱ्या आठवड्यात मोजायचा कंटाळा आला, तर संशोधनाचा नाद सोड.