आईचा दुष्काळ, लेकीचे ताट

वाचकांचे प्रश्न : आहार आणि आरोग्य
(पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.)

प्रश्न : माझे वय 52. माहेर मंगळवेढ्याकडचे, सासर सोलापुरात. माझा जन्म 1973 च्या फाल्गुनातला, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात मी पोटात असताना आई खडी फोडायला जात होती. कामावर मिळणारी सुकडी ती पदरात बांधून थोरल्या भावंडांसाठी घरी आणायची. पुढे सुगीचे दिवस आले तरी तिने भाकरीचा डबा कधी रिकामा होऊ दिला नाही आणि सगळ्यांची जेवणे झाल्याशिवाय ती कधी जेवली नाही. लग्नानंतर सासऱ्यांची गिरणी बंद पडली आणि डब्याचे तेच भय मला इथेही भेटले. आजही मी रात्री चार-पाच भाकरी जास्तीच्या करते आणि उरलेल्या टाकवत नाहीत म्हणून ओट्याशी उभ्याने खाते. अंगाने मी बारीक आहे, तरी आठ वर्षांपासून मधुमेह आहे. लेक 26 वर्षांची असून तिला पाचवा महिना आहे. तिचे हिमोग्लोबिन 9.8 आहे. मी ताट भरून वाढले की ती चिडते, कधी उपाशीच उठते. एका व्हिडिओत ऐकले की पूर्वजांची उपासमार सात पिढ्या रक्तात राहते, आणि आजीच्या काळचे अन्न खाल्ले की गोळ्या सुटतात. हे खरे आहे का? आईची भूक माझ्यातून लेकीत उतरली आहे का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. पोटात असताना झालेली उपासमार ही एक, आणि लहानपणापासून पाहिलेले भय ही दुसरी. पहिलीविषयी विज्ञानाला बरेच ठाऊक आहे, दुसरीविषयी तुम्हालाच अधिक ठाऊक आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 च्या हिवाळ्यात, नेदरलँड्सच्या पश्चिम भागात अन्नाचा पुरवठा तुटला आणि माणशी रोजचे शिधावाटप 1000 किलोकॅलरींच्याही खाली गेले. त्या काळात गर्भात असलेल्या मुलांची पन्नाशीत तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता इतरांपेक्षा कमी असल्याचे दिसले. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून जवळच्या खेड्यांतील गर्भवतींचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील बाळे सरासरी 2.7 किलोंच्या आसपास, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच हलकी होती. त्यांचे स्नायू कमी होते, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणाऱ्या माणसाला मधुमेह कसा होतो, या तुमच्या मनातील शंकेचे उत्तर काही प्रमाणात येथे आहे. तुमच्या आईची उपासमार आणि तिचे कष्ट तुमच्या मधुमेहाच्या कारणांपैकी एक असू शकतात. एक, एकमेव नव्हे. अशा अभ्यासांतून समूहातील शक्यता कळते, एका माणसाच्या आजाराचे मूळ त्यातून सिद्ध करता येत नाही.

नातवंडांपर्यंत ही खूण पोहोचते का, याबाबतचे मानवी अभ्यास एकसारखे बोलत नाहीत, आणि सात पिढ्यांच्या दाव्याला आधार नाही. असे व्हिडिओ पाहून आया स्वतःलाच दोष देऊ लागतात, म्हणून मला त्यांचा राग येतो. तुमच्या लेकीचे हिमोग्लोबिन आजीच्या दुष्काळामुळे नव्हे, तर बहुधा आजच्या आहारातील लोहाच्या कमतरतेमुळे कमी आहे. ते वाढवता येते.

गोळ्या बंद करू नका. ज्वारी हे उत्तम धान्य आहे आणि मालदांडीच्या भाकरीची चव मी तरी गव्हाच्या पोळीसाठी सोडणार नाही, पण ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात पिष्टमय पदार्थ सुमारे 68 ग्रॅम असतात, म्हणजे गव्हापेक्षा कमी नव्हेत. आजीच्या काळी तीच ज्वारी दिवसभराच्या अंगमेहनतीवर जिरत असे. जुने धान्य आणले आणि जुने श्रम आणले नाहीत, तर साखर तेवढीच वाढते. तुम्ही मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल आणि मांस, अंडी फारशी खात नसाल, तर ब-12 जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. ही गोळी अनेक वर्षे घेतल्याने ते कमी होऊ शकते, आणि पायांना येणाऱ्या मुंग्या नेहमी साखरेमुळेच असतात असे नाही.

आता डब्याविषयी, कारण माझ्या मते तुमच्या पत्राचा गाभा तेथे आहे. तुमची रात्रीची साखर दुष्काळाने नव्हे, तर दुष्काळाच्या भयाने केलेल्या त्या जास्तीच्या भाकरींनी वाढते, आणि त्याही रात्री उशिरा, जेवण म्हणून मोजल्या न गेलेल्या. तुम्हाला कोणी म्हणेल की मोजून चारच भाकरी करा, डबा रिकामा राहू द्या. मी तसे म्हणणार नाही. ज्या घराने एकदा चूल थंड पाहिली आहे त्या घरातील बाईला रिकामा डबा पाहून झोप लागत नाही, आणि हा हट्ट नव्हे. डबा भरलेलाच ठेवा, फक्त त्यातला जिन्नस बदला. सोलापुरात यासाठी कडक भाकरी आहे. ती नीट वाळवून ठेवली तर कित्येक दिवस टिकते, आज संपवण्याची सक्ती करत नाही. तिच्या शेजारी शेंगाचटणी, फुटाणे, भाजलेले हुलगे ठेवा. मग संध्याकाळची ताजी भाकरी माणशी मोजून करता येईल, आणि भयाची सोय डब्यात झाल्यामुळे त्याला तुमच्या ताटात बसावे लागणार नाही. कडक भाकरीही भाकरीच आहे, एवढे मात्र लक्षात ठेवा. ती खाल तेव्हा ताज्या भाकरीऐवजी खा.

दुसरे, तुमचे ताट इतरांबरोबर वाढा आणि बसून जेवा. हे लिहायला सोपे आणि करायला फार अवघड आहे, याची मला कल्पना आहे. शेवटी जेवण्यात तुमच्या आईचे प्रेम होते आणि पहिल्या पंक्तीला बसल्यावर तुम्हाला अपराधी वाटेल. सुरुवात सकाळच्या जेवणाने, लेकीसोबत करा. ती तुम्हाला आयुष्यभर ओट्याशी उभ्याने खाताना पाहत आली आहे आणि आता तुम्ही तिला भरले ताट देता; तिची चिडचिड अन्नावर नसून या विसंगतीवर असेल, असा माझा अंदाज आहे. तो चुकीचाही असू शकतो. तिलाच विचारा, पण जेवणाच्या वेळी विचारू नका.

“दोन जिवांचे खा” हा आग्रहही सोडा. दुसऱ्या तिमाहीपासून गर्भवतीला दिवसाला साधारण 350 किलोकॅलरी जास्त लागतात. एक मध्यम भाकरी आणि वाटीभर घट्ट वरण यांत त्या भरून निघतात. तिला जास्त नको, नेमके हवे आहे : ज्वारीच्या कण्या घातलेली अंबाडीची भाजी, तांदुळजा, हुलग्याचे माडगे, वर लिंबू, खात असल्यास अंडी. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी तिने चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, दोन्हींमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे. तुम्हाला मधुमेह असल्याने तिची साखर पूर्वी तपासलेली असली तरी 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान ती पुन्हा तपासावी. व्हिडिओपेक्षा ही एक तपासणी तुमच्या नातवंडाच्या अधिक उपयोगाची आहे.

आणि माडगे करताना आईच्या सुकडीची गोष्ट लेकीला सांगितली नसेल, तर सांगा. तुम्ही डबा का भरता हे तिला आजवर बहुधा कळलेलेच नाही.

प्रश्न : वय 34, यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतो. वडिलांची गिरणी गेली, ते पिऊ लागले, जेवताना ताट भिरकावत. आता ते नाहीत. पण घरी जेवायला बसलो की माझे पोट आवळते, घशाशी आंबट येते. कारखान्यात मात्र तोच डबा निवांत जातो. घरी आम्ही तेलुगू बोलतो, मराठी चुकली असल्यास माफ करा. पथ्य सांगावे.
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : तुमचे मराठी उत्तम आहे, आणि अर्धे निदान तुम्हीच केले आहे. तीच भाकरी, तीच चटणी एका ठिकाणी पचते आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, म्हणजे दोष पदार्थात कमी आणि बैठकीत जास्त आहे. जेवताना सतत धास्तावलेले मूल मोठे झाल्यावरही त्याचे शरीर ताटासमोर सावध होते. अशा वेळी जठराचे काम बिघडते, यात नवल नाही. घरी जेवणाची जागा आणि वेळ बदलून पाहा. वडील बसत तेथे बसू नका. पैशांचे आणि मुलांच्या अभ्यासाचे विषय जेवण संपेपर्यंत बंद ठेवा. रात्रपाळीहून आल्यावर तिखट खाऊन लगेच आडवे होऊ नका, मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या.

मात्र सगळे मनाचे आहे असे समजून थांबू नका. गिळताना अडकत असेल, वजन घटत असेल, शौचास काळे होत असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. वेदनाशामक गोळ्या वारंवार घेत असाल तर तेही त्यांना सांगा. वडिलांविषयी बोलण्यासाठी शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाता येईल, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर पाळी संपल्यावर फोन करता येईल. तेथे मराठीप्रमाणे तेलुगूतही बोलता येते. ज्या भाषेत ती भांडणे झाली त्याच भाषेत बोललात, तर सांगणे सोपे जाईल.